पेनापासून सुरुवात करा: कन्व्हर्टिबल लॅपटॉप घ्यावा की ड्रॉइंग टॅबलेट?

चित्रं काढायला नवीन यंत्र घ्यायचं ठरलं की पहिला घोळ इथेच होतो. स्क्रीन पाठीमागे दुमडून तिच्यावरच काढता येईल असा कन्व्हर्टिबल लॅपटॉप घ्यावा, की आहे त्याच संगणकाला वेगळा ड्रॉइंग टॅबलेट जोडावा? तुलना सुरू होते ती प्रोसेसर, रॅम आणि इंचांपासून. पेनाची पाळी शेवटी येते, तीही 'सोबत मिळतंय का' एवढ्यापुरती. मी चार वर्षं कन्व्हर्टिबलवर मुलांच्या गोष्टींची चित्रं काढली आणि आता तेच काम बिनस्क्रीनच्या टॅबलेटवर करते. दोन्हींवर मनापासून काम केल्यानंतर माझं मत पक्कं झालंय: निवड पेनापासून करायची. प्रोसेसर थोडा कमी पडला तर वाट बघावी लागते, पेन कमी पडलं तर प्रत्येक रेघ बिघडते.

पायरी १: कोणती वस्तू कोणती, ते नीट समजून घ्या

'ड्रॉइंग टॅबलेट' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली बिनस्क्रीनची पाटी. हिला पेन टॅबलेट किंवा ग्राफिक टॅबलेट म्हणतात. हात पाटीवर चालतो, नजर समोरच्या मॉनिटरवर राहते. दुसरी पेन डिस्प्ले. ही स्क्रीनच असते, पण तिच्या आत संगणक नसतो, केबलने जोडावी लागते. तिसरी म्हणजे स्वतःच्या बळावर चालणारा टॅबलेट: ॲपल पेन्सिलसह आयपॅड, एस पेनसह सॅमसंगचे टॅब.

कन्व्हर्टिबलमध्येही प्रकार आहेत. काहींची बिजागरी ३६० अंशांत फिरते आणि कीबोर्ड स्क्रीनच्या पाठीमागे जातो. काहींचा कीबोर्ड सुटा निघतो. काहींमध्ये स्क्रीन पुढे ओढून कीबोर्डवर तिरकी टेकवता येते. मॅक वापरणाऱ्यांपुढे मात्र हा पेच नाही, कारण टच स्क्रीनचा मॅकबुक बाजारात नाही. त्यांनी पेन टॅबलेट, पेन डिस्प्ले किंवा आयपॅड यांतूनच निवडायचं. २०१९ साली आलेल्या मॅकओएस कॅटालिनापासून साइडकार या सोयीने आयपॅड मॅकची दुसरी स्क्रीन म्हणून वापरता येतो आणि त्यावर पेन्सिलही चालते.

पायरी २: आठवडाभर नोंद ठेवा

दुकानात जायच्या आधी सात दिवस एका वहीत तीन गोष्टी लिहा: कुठे बसून काढलं, किती वेळ काढलं आणि काय काढलं. कागदावर काढलेलंही धरा. आपण प्रवासात खूप काढू असं वाटत असतं, पण नोंद उघडली की दहातली आठ चित्रं एकाच टेबलावर झालेली दिसतात. माझ्या बाबतीत तसंच निघालं. 'कुठेही नेता येईल' या एका कारणासाठी मी कन्व्हर्टिबल घेतला होता, आणि चार वर्षांत गंभीर काम त्यावर टेबल सोडून क्वचितच झालं.

ही नोंद आणखी एक गोष्ट सांगते. दिवसाला अर्धा तास रेखाटनं, व्याख्यानाच्या टिपा, पीडीएफवर खुणा असं असेल तर ते एका जातीचं काम. सलग तीन-चार तास रंगकाम हे वेगळ्या जातीचं. दोन्ही कामांत हातापेक्षा मान आणि पाठ आधी तक्रार करतात, पण दुसऱ्यात फार लवकर.

पायरी ३: पेनाची परीक्षा

इथे सावकाश वाचा, कारण पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात.

टच स्क्रीन आहे म्हणजे पेन चालतं, असं नाही. ३६० अंशांत फिरणारे कित्येक लॅपटॉप फक्त बोटाचा स्पर्श ओळखतात. त्यांच्यावर रबरी टोकाचं स्टायलस चालेल, पण ते स्क्रीनच्या दृष्टीने बोटच. दाब कळत नाही, तळहात टेकवला की रेघोट्या उठतात. म्हणून तपशिलात 'ॲक्टिव्ह पेन', म्हणजे बोटापासून वेगळं ओळखलं जाणारं, दाब कळवणारं पेन, चालतं का आणि कोणत्या पद्धतीचं, हे शोधा. पेन डब्यात आहे की वेगळं घ्यावं लागेल, तेही बघा.

पद्धती मुख्यतः दोन घराण्यांच्या. पहिली ईएमआर. वाकॉमचे टॅबलेट आणि सॅमसंगचं एस पेन या पद्धतीवर चालतं. पाटीच्या किंवा स्क्रीनच्या मागे एक वेगळी पट्टी असते, ती चुंबकीय क्षेत्र सोडते. पेनात तांब्याच्या तारेची बारीक गुंडाळी असते. ती त्याच क्षेत्रातून ऊर्जा घेते आणि उलट संकेत देते. त्यामुळे पेनाला रेषा उमटवायला बॅटरी लागत नाही. ह्युऑन आणि एक्सपी-पेनचे आजचे टॅबलेटही बिनबॅटरीच्या पेनावर चालतात.

दुसऱ्या घराण्यात वाकॉमचीच एईएस आणि मायक्रोसॉफ्टची एमपीपी येते. बहुतेक विंडोज कन्व्हर्टिबल यांवर चालतात. इथे मागे वेगळी पट्टी नसते. टच स्क्रीनच्या ज्या बारीक जाळीने बोट ओळखलं जातं, तीच जाळी पेनातून आलेला विद्युत संकेत टिपते. म्हणून पेनाला बॅटरी लागते. यंत्र पातळ होतं, पण जाळीच्या दोन तारांमध्ये टोक नेमकं कुठे आहे हे यंत्राला हिशेबाने काढावं लागतं. हळू ओढलेल्या तिरप्या रेघेत या हिशेबातली चूक उघडी पडते.

मला ती दिसली एका आजीच्या चेहऱ्यावर. नाकाच्या कडेपासून हनुवटीकडे उतरणारी सुरकुती काढत होते. ती सावकाश, दाब कमी कमी करत ओढावी लागते. रेघ खाली आली ती दर काही मिलिमीटरवर डावीकडे, मग उजवीकडे झुकत, नागमोडी. हात थरथरतोय असं वाटून तीच सुरकुती कागदावर काढली. कागदावर स्वच्छ आली. परत स्क्रीनवर, परत नागमोडी. मग सॉफ्टवेअरमधलं रेषा स्थिर करणारं स्टॅबिलायझर वाढवलं. थरथर गेली, पण रेघ पेनामागून फरफटत येऊ लागली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांची टोकदार वळणं गोल झाली. जोरात ओढलेल्या रेघांत हा दोष जाणवत नाही, म्हणून दुकानात दोन सह्या करून बघणाऱ्याला तो सापडत नाही.

यंत्राच्या नावावरून पेन कळत नाही, हेही लक्षात असू द्या. मायक्रोसॉफ्टच्या सर्फेस प्रोच्या पहिल्या दोन पिढ्या ईएमआरवर होत्या, २०१४ च्या सर्फेस प्रो ३ पासून पद्धत बदलली. आधीचं पेन नव्या यंत्रावर चालेना. या पद्धतींची पेनं एकमेकांच्या स्क्रीनवर चालत नाहीत. एईएस आणि एमपीपी दोन्ही बोलणारी काही पेनं मिळतात, पण ईएमआरचं घर कायम वेगळं.

आता प्रत्यक्ष परीक्षा. ती पाच मिनिटांची आहे आणि संकोच न करता करावी. एक पट्टी सोबत न्या. स्क्रीनवर ती तिरपी ठेवून तिच्या कडेने एक रेघ अगदी हळू ओढा, दहा सेकंद लागतील इतकी हळू. दुसरी रेघ उलट्या तिरक्या दिशेने. दोन्ही मोठ्या करून पाहा. मग पेन दोन बोटांत सैल धरा आणि जवळपास स्वतःच्या वजनानेच टेकू द्या. रेघ उमटली तर सुरुवातीचा दाब कमी आहे, म्हणजे हलक्या छटा जमतील. दाबल्याशिवाय काहीच उमटत नसेल तर दिवसाअखेर बोटं दुखणार. नंतर एका दमात एक मोठी वेलांटी काढा: बारीक सुरुवात, माथ्यावर जाड, शेवटी पुन्हा निमुळती. जाडी सलग वाढली-उतरली पाहिजे, पायऱ्या पडता कामा नयेत. शेवटी तळहात स्क्रीनवर पूर्ण टेकवून चारही कोपऱ्यांत ठिपके द्या. ठिपका टोकाखालीच पडतो का, तळहाताने भलत्या खुणा होतात का, ते बघा.

डब्यावरच्या दाबाच्या पातळ्या, ४०९६, ८१९२ किंवा १६३८४, यांच्यामागे धावू नका. ४०९६ नंतरचा फरक हाताला जाणवतो असं मला कधी वाटलं नाही. सुरुवातीचा दाब आणि दाब वाढण्याची चाल या दोन गोष्टी त्याहून कितीतरी मोलाच्या, आणि त्या डब्यावर छापलेल्या नसतात.

पायरी ४: दुसरा हात कुठे असेल?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि रोजच्या कामात सर्वांत जास्त अडतं ते इथेच. चित्र काढताना एक हात पेनावर, दुसरा कीबोर्डवर असतो: मागे जा, ब्रश लहान करा, कॅनव्हास फिरवा, रंग उचला. तासाभरात हे शेकडो वेळा होतं. ३६० अंशांचा लॅपटॉप दुमडला की कीबोर्ड पाठीमागे जातो आणि बंद होतो. मग प्रत्येक 'मागे जा'साठी पेन उचलून स्क्रीनच्या कोपऱ्यातलं बटण शोधा. दोन-तीन बोटांनी टेकून आज्ञा देण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण त्यासाठी टच चालू ठेवावा लागतो आणि तळहाताचा उपद्रव वाढतो. यावर खरा उपाय म्हणजे ब्लूटूथचा छोटा कीपॅड. कन्व्हर्टिबल घेणार असाल तर तो खर्चात आधीच धरा. बिनस्क्रीनच्या टॅबलेटबरोबर कीबोर्ड जिथल्या तिथे राहतो, आणि माझ्या कामाचा वेग वाढला तो मुख्यतः यामुळे.

पायरी ५: स्क्रीन, बिजागरी आणि मान

१३ इंचांची १६:१० स्क्रीन म्हणजे साधारण २८ सेंटिमीटर रुंद आणि १७.५ सेंटिमीटर उंच, आडव्या ए४ कागदापेक्षा लहान. त्यात ब्रश, लेयर (चित्राचे एकावर एक रचलेले थर), रंग यांच्या पट्ट्या बसल्या की चित्राला उरते ती जागा वहीच्या पानाएवढी. कन्व्हर्टिबल घ्यायचा तर १४ इंचांखाली जाऊ नका, आणि १६:९ पेक्षा १६:१० किंवा ३:२ घ्या. ती थोडी जास्त उंची फार कामी येते.

लॅपटॉप उघडा ठेवून स्क्रीनवर काढून पाहा. पेन टेकताच ती मागे डुलते. म्हणजे काढायचं ते दुमडून किंवा सपाट ठेवूनच. दुमडलेलं यंत्र मांडीवर धरायचं तर दीड किलो वजन फार वेळ पेलवत नाही. टेबलावर सपाट ठेवलं की मान खाली वाकते, त्यामुळे सुमारे २० अंशांचं भक्कम स्टँड हवंच. पेन डिस्प्लेलाही हाच नियम. बिनस्क्रीनच्या पाटीवर मान सरळ राहते. पाठीचा किंवा मानेचा त्रास आधीपासून असेल तर ही एकच गोष्ट निर्णयाला पुरेशी आहे.

उष्णता विसरू नका. जड फाइल चालू असताना कन्व्हर्टिबलचा प्रोसेसर तुमच्या तळहाताखाली तापतो. तळहात घामेजला की काचेवर अडखळतो आणि लांब रेघा तुटतात.

रंगांबाबत थोडक्यात: स्क्रीन पूर्ण एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठी ठरलेला रंगांचा प्रमाण संच, दाखवते का ते पाहा. तपशिलात '४५% एनटीएससी' (हे रंगांचंच दुसरं माप) लिहिलेलं पॅनेल रंगकामासाठी घेऊ नका, त्यावरचे लाल-हिरवे फिके दिसतात आणि तुम्ही ते उगाच भडक करत बसता.

पायरी ६: मेमरीचा हिशेब स्वतः करा

३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा, ए४ म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल, जवळपास ८७ लाख. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक भरलेला लेयर ३५ एमबीचा. ए३ ला त्याच्या दुप्पट, ७० एमबी. ए३ वर ५० भरलेले लेयर झाले की साडेतीन जीबी तिथेच संपले. त्यावर 'मागे जा'चा इतिहास, स्वतः सॉफ्टवेअर, विंडोज आणि ब्राउझर. रिकाम्या जागेचा भार बरीच सॉफ्टवेअर टाळतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येतो, पण ८ जीबीवर हे रोज चालवणं कठीणच. १६ जीबी घ्या. बहुतेक कन्व्हर्टिबलमध्ये रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे घेतानाच पुढच्या चार वर्षांचा विचार करावा लागतो. वेगळा टॅबलेट घेतला तर संगणक नंतर बदला, टॅबलेट तोच राहतो.

पायरी ७: बिनस्क्रीनचा घेताना आकार असा ठरवा

लहान टॅबलेटची काढण्याची जागा साधारण १५ सेंटिमीटर रुंद असते. २४ इंची मॉनिटर ५३ सेंटिमीटर रुंद. म्हणजे हात १ सेंटिमीटर सरकला की रेघ साडेतीन सेंटिमीटर धावते, आणि हाताची बारीकशी चूकही तेवढीच फुगते. मध्यम टॅबलेट, म्हणजे सुमारे २१६ × १३५ मिलिमीटर जागेचा, घेतला तर हेच प्रमाण अडीचवर येतं. १४ इंची लॅपटॉपला लहान पुरतो, मोठ्या मॉनिटरला मध्यमच घ्या. त्याहून मोठा घेण्याआधी टेबल मोजा. कीबोर्डला जागा उरत नाही म्हणून मोठा टॅबलेट कपाटात गेल्याचं मी पाहिलंय.

पहिले दिवस अवघड जातात. हात एकीकडे, नजर दुसरीकडे, आणि साधं वर्तुळ जुळत नाही. हे सर्वांना होतं. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत हात आपोआप जागेवर जाऊ लागतो. एवढ्या काळात चित्रं पूर्ण करायचा हट्ट धरू नका. ठिपक्यांची जोडी काढून ती एका रेघेने जोडणं, एवढाच सराव करा.

जुना टॅबलेट घेत असाल तर दोन गोष्टी तपासा. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकावर टॅबलेट चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, कंपनीच्या साइटवर आहे का? आणि पूर्ण पृष्ठभागावर जवळजवळ रेघा मारत गेल्यास कुठे रेघ तुटते का? तुटली तर ती जागा मेलेली आहे, परत करा.

पायरी ८: पेन डिस्प्ले घेणार असाल तर पोर्ट बघा

एका सी-टाइप केबलवर चालणारा डिस्प्ले मी आणला आणि डबा उघडल्यावर कळलं की लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून चित्र बाहेरच येत नाही, फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. सी-टाइप दिसायला सगळे सारखे. व्हिडिओ जाण्यासाठी त्यात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' हवा. लॅपटॉपच्या तपशिलात हे शब्द शोधा. नसतील तर एचडीएमआय, यूएसबी आणि वीज अशा तीन तोंडांच्या केबलची तयारी ठेवा आणि एचडीएमआय आधीच मॉनिटरने अडवलेला नाही ना, ते पाहा. काच आणि पॅनेल एकत्र चिकटवलेली, म्हणजे लॅमिनेटेड, स्क्रीनच घ्या. नाहीतर पेनाचं टोक आणि रेघ यांच्यात काचेच्या जाडीएवढं अंतर दिसत राहतं.

पायरी ९: आता ठरवा

चालू स्थितीतला संगणक घरात असेल तर माझं उत्तर एकच: मध्यम आकाराचा बिनस्क्रीनचा टॅबलेट. कमीत कमी खर्चात सर्वांत चांगलं पेन मिळतं, मान वाचते आणि पुढचे दोन संगणक तो पाहतो. चित्रकला शिकायला सुरुवात करणाऱ्यानेही इथूनच सुरुवात करावी. सहा महिन्यांनंतर स्क्रीनवरच काढायची ओढ राहिली तर पेन डिस्प्ले घ्या.

कन्व्हर्टिबल कोणी घ्यावा? लॅपटॉप तसाही बदलायचा आहे, दिवसभर टिपा, आकृत्या, सूत्रं लिहायची आहेत आणि अधूनमधून रेखाटनं करायची आहेत, त्याने जरूर घ्यावा. टाइप करता करता मध्येच आकृती काढायची सोय दुसरं कोणतंच यंत्र इतक्या सहज देत नाही. शिवाय त्यावर गंभीर काम करायची वेळ आलीच, तर त्याच लॅपटॉपला बिनस्क्रीनचा टॅबलेट जोडता येतो. मी आज तेच करते.

आणि वहीतल्या नोंदी खरोखरच बागेत, गाडीत, अंथरुणात असतील, तर दोन्ही सोडून आयपॅड किंवा एस पेनचा टॅब बघा. फक्त तुमचं सॉफ्टवेअर तिथे आहे का ते आधी तपासा. प्रोक्रिएट आयपॅडवरच मिळतं. क्लिप स्टुडिओ पेंट विंडोज, मॅक, आयपॅड, अँड्रॉइड सगळीकडे आहे, पण आयपॅडवर ते वर्गणी भरून वापरावं लागतं. क्रिता संगणकावर मोफत आहे.

पायरी १०: पहिल्याच संध्याकाळी हे करा

परत करण्याची मुदत सुरू असतानाच सगळं तपासायचं, म्हणून डबा उघडल्याच्या दिवशीच बसा. आधीच्या टॅबलेटचा ड्रायव्हर काढून टाका, संगणक बंद-चालू करा, मग नवा टाका. दोन ड्रायव्हर एकत्र राहिले की दाब गायब होतो.

विंडोजवर पेन टेकवून क्षणभर थांबलं की एक वर्तुळ उमटतं आणि राइट क्लिक होतं. रंगकामात हे फार त्रास देतं. कंट्रोल पॅनेलमधल्या 'पेन अँड टच'मध्ये जाऊन 'प्रेस अँड होल्ड' बंद करा. दाब कळतच नसेल तर पेन बदलायच्या आधी सॉफ्टवेअरची सेटिंग पाहा. क्रिता आणि क्लिप स्टुडिओ दोन्हींत पेनाचे संकेत घेण्याचे दोन पर्याय आहेत: विनटॅब आणि विंडोज इंक (क्लिप स्टुडिओत त्याला 'टॅबलेट पीसी' म्हटलंय). एक चालत नसेल तर दुसरा निवडा आणि सॉफ्टवेअर पुन्हा उघडा.

बिनस्क्रीनच्या टॅबलेटवर ड्रायव्हरमध्ये प्रमाण जुळवण्याचा पर्याय चालू करा. पाटी आणि मॉनिटर यांच्या लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं असलं की हाताने काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर अंडाकृती होतं, आणि दोष आपल्या हाताचा वाटत राहतो. एखादी वाटी पाटीवर पालथी ठेवून कडेने पेन फिरवा. स्क्रीनवर गोल आला पाहिजे. दोन मॉनिटर असतील तर टॅबलेट एकालाच बांधा. डावखुऱ्यांनी पाटी १८० अंशांत फिरवून ड्रायव्हरमध्ये तसं सांगावं.

मग दाबाची चाल. आपल्या नेहमीच्या दाबाने एक पानभर रेखाटन करा आणि बघा: रेघा सगळ्या जाडच येत असतील तर चाल कडक करा, बारीकच येत असतील तर मऊ. एक-एक घर सरकवून पुन्हा तेच रेखाटन करा. शेवटी पट्टी घ्या आणि दुकानात ओढली होती तीच हळू तिरपी रेघ स्वतःच्या टेबलावर, चार्जर लावून आणि चार्जर काढून, दोनदा ओढा. चार्जर लावल्यावरच ती थरथरत असेल तर विजेचा उपद्रव आहे, दुसरा चार्जर किंवा अर्थिंग असलेला सॉकेट वापरून पाहा. दोन्ही वेळा थरथरली तर पावती शोधा.